शाल, श्रीफळ आणि कपाटाची किल्ली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, ख्रिस्ती महाविद्यालयांत येणाऱ्या परदेशी अभ्यासकांवरचा पानभर लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसलो होतो. 'रागाच्या भरात लिहू नका, उद्या लिहा' असं घरून फर्मान निघालं. आज सोमवार. राग जिथल्या तिथे आहे, म्हणून लिहितो.

फोटो छान आले आहेत. प्रत्येक फोटोत पाहुण्याच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, मागे फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर पाहुण्यापेक्षा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे मोठे. एकाही फोटोत पाहुणा वाचताना दिसत नाही. अभ्यासक म्हणून बोलावलेल्या माणसाच्या हातात एखाद्या फोटोत तरी पुस्तक असावं, ही अपेक्षा फार झाली का?

'या महाविद्यालयांना पाहुणचाराची थोर परंपरा आहे' एवढं एक वाक्य टाकून तुमच्या लेखिका धावत सुटतात, त्या थेट सामंजस्य करारांच्या यादीवर जाऊन थांबतात. परंपरा म्हणालात ना, मग ती काय होती ते तरी सांगायचं! फादर हेन्री हेरास हे स्पॅनिश जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू, १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकवायला आले. चार वर्षांत त्यांनी तिथे संशोधन संस्था उभी केली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९५५ साली वारले तोवर त्यांचं काम इथेच चालू होतं. दिल्लीच्या सेंट स्टीफन्सचे प्राचार्य सुशीलकुमार रुद्र यांच्याकडे गांधीजी १९१५ पासून उतरत असत. असहकाराची कल्पना रुद्रांच्याच घरी आकाराला आली, हे १९२५ साली रुद्र गेल्यावर खुद्द गांधीजींनी लिहून ठेवलं आहे. रुद्रांनी दारात फ्लेक्स लावला नव्हता, एवढं मी खात्रीने सांगतो.

आता आमच्याकडची गोष्ट. मी एका ख्रिस्ती महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. निवृत्तीच्या आधीच्या काळात एका अमेरिकन विद्यापीठातल्या बाई आमच्याकडे आल्या होत्या. वय साठीच्या पुढे, मराठी पुण्यात शिकलेल्या, बोलणं जरा पुस्तकी पण स्वच्छ. त्यांना 'ज्ञानोदय'चे जुने खंड पाहायचे होते. अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरला सुरू केलेलं हे नियतकालिक. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली याच 'ज्ञानोदय'त छापला गेला. त्या सुमाराच्या अंकांत आणखी कुणाकुणाची पत्रं आणि टिपणं आहेत, वाचक काय लिहीत होते, हे शोधायला बाई एवढ्या लांबून आल्या होत्या. आमच्या कपाटात त्या काळातले काही खंड होते. हे बाईंनी आधीच पत्रव्यवहार करून माझ्याकडून पक्कं करून घेतलं होतं.

त्या पोचल्या शनिवारी रात्री. आमच्या गेस्ट रूममध्ये परदेशी माणूस उतरला की त्याचा 'सी फॉर्म', म्हणजे परदेशी पाहुण्याच्या सरकारी नोंदीचा अर्ज, तेव्हा चोवीस तासांच्या आत भरावा लागायचा. हॉटेल असो, वसतिगृह असो की कुणाचं घर, नियम सगळ्यांना सारखा, आणि तो ऑनलाइन भरायचा. आमचा लॉगिन आणि पासवर्ड एकट्या कार्यालयीन अधीक्षकांना ठाऊक, आणि साहेब गेलेले भाचीच्या लग्नाला. फोन लागेना. लागला तेव्हा मागे बँड वाजत होता. पासवर्डातलं कॅपिटल अक्षर कोणतं आणि आकडा कोणता, हे त्या बँडवरून ओरडून विचारता विचारता रविवारची दुपार गेली. बाई शांतपणे पासपोर्टची झेरॉक्स हातात धरून बसल्या होत्या. त्यांच्या निमंत्रणाच्या पत्रावर आमच्या चार पदाधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. त्या दिवशी चौघांपैकी एकजणही फिरकला नाही.

सोमवारी मात्र सगळे हजर! सकाळी स्वागत समारंभ. मग वृक्षारोपण. मग नव्या स्वच्छतागृहाचं उद्घाटन, आणि मी हे गमतीने लिहीत नाही, फीत बाईंनीच कापली. दुसऱ्या दिवशी 'राष्ट्रीय सेवा योजने'च्या शिबिराला प्रमुख पाहुण्या. विषय होता 'युवक आणि व्यसनमुक्ती'. बाईंना विचारलं कुणी नव्हतं. त्या उठल्या, दोन मिनिटं मराठीत बोलल्या आणि बसल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या त्या मराठीला.

कपाट उघडलं ते आठवड्याच्या शेवटी. किल्ली दोन ठिकाणची लागते, एक माझ्याकडे आणि एक रजिस्ट्रारांकडे, आणि रजिस्ट्रार 'वरून लेखी आल्याशिवाय' देईनात. अखेर लेखी आलं. बाईंनी पिशवीतून मऊ ब्रश काढला, खंडाची पाठ मोडू नये म्हणून खाली फोमचे दोन तुकडे लावले, पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेतली. पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या. प्रत्येक पान दोन्ही हातांनी उलटत, भिंगातून वाचत त्या वहीत टिपून घेत होत्या. इतकी वर्षं ती कपाटं मी सांभाळली. त्या खंडांकडे असं बघणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. अर्धा तास झाला असेल नसेल, दारात शिपाई उभा. 'मॅडम, फोटो. साहेब थांबलेत.'

कसला फोटो? तर सामंजस्य कराराचा. बाई एकट्या आलेल्या, त्यांच्या विद्यापीठाने त्यांना सही करायचा अधिकार दिलेला नव्हता, हे त्यांनी तीनदा सांगितलं. 'नुसतं फाइल हातात धरा' म्हणाले. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, समिती यायची होती. तिथे किती संस्थांशी करार झाले, त्यांतले किती चालू आहेत, हे भरून द्यायचं असतं आणि पुरावा जोडायचा असतो. शाल आणि श्रीफळ हा तो पुरावा. तुमच्या लेखात ज्याला 'आंतरराष्ट्रीय सहकार्याची झेप' म्हटलं आहे, ती बऱ्याच ठिकाणी एवढीच असते. फाइल उघडून आत काय लिहिलंय, हे तुमच्या लेखिकेने एकदा तरी पाहिलं का?

बाई तीन आठवड्यांसाठी आल्या होत्या. कपाटासमोर त्यांना मिळाला त्यातला किती वेळ, हे लिहायचीसुद्धा लाज वाटते.

आणखी एक. आमच्या संस्थेच्या समितीतल्या एका ज्येष्ठांनी बाईंना रविवारच्या उपासनेत प्रवचन द्याल का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, 'मी कुठल्याच चर्चला जात नाही.' ज्येष्ठांचा चेहरा पडला. चेहरा पडण्याआधी त्यांनी एवढा विचार करायला हवा होता की, संशोधनासाठी व्हिसा घेतलेल्या माणसाला आपल्याकडे प्रवचनं देता येत नाहीत. त्याला मिशनरी व्हिसा लागतो. उद्या चौकशी झाली असती तर निस्तरायला कोण होतं? आणि त्याच आठवड्यात बाजारात मला एकाने बाजूला घेऊन हळूच विचारलं, 'ती गोरी बाई बाटवायला आलीय म्हणतात, खरं का?' एकाला वाटलं ती धर्म वाढवायला आली, दुसऱ्याला वाटलं धर्म बुडवायला. १८५५ सालचं पत्र वाचायला एखादी बाई एवढ्या लांबून येऊ शकते, हे दोघांच्याही गावी नव्हतं. ज्यांच्या खापरपणज्यांनी तो 'ज्ञानोदय' छापला, त्यांच्याही नव्हतं, हे जास्त लागतं.

बाईंच्या दिमतीला एक मुलगी दिली होती. इतिहासाची, तासिका तत्त्वावर शिकवणारी. तिला पैसे तासांचे. बाईंबरोबर घालवलेला वेळ कुठल्याच तासात धरला जात नव्हता. पण तीच रोज संध्याकाळी यायची, बाईंच्या नोंदी नीट लावून द्यायची, आणि त्या दोघींचं जे काय चालायचं त्यालाच मी पाहुणचार म्हणतो. विभागात कायम प्राध्यापक एक, बाकी जागा रिकाम्या. जो कायम आहे त्याला आठवड्याचे सोळा तास, परीक्षा, प्रवेश समिती, शिवाय हे समारंभ. पाहुण्याशी तो बोलणार कधी? तुमच्या लेखात 'प्राध्यापकांनी पुढाकार घ्यावा' असं लिहिलंय. घेतील हो. आधी प्राध्यापक तर भरा.

आणि पाहुणा परदेशी नसेल तर? बाई गेल्यावर काही महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यातला एक मुलगा आला. पीएच.डी. करत होता, त्यालाही तेच खंड हवे होते. एसटीने आला, थेट ग्रंथालयात आला. त्याच्या गाइडचं पत्र होतं, पण त्यावर विद्यापीठाचा शिक्का नव्हता. रजिस्ट्रारांनी किल्ली दिली नाही. मी भांडलो, उपयोग झाला नाही. पोरगा जिन्यावर बसून डबा खाऊन परत गेला. त्याला शाल नको होती, नारळ नको होता, फीतही कापायची नव्हती. एक टेबल, एक दिवा आणि कपाटाची किल्ली, एवढंच मागत होता.

तुमच्या लेखिकेला एक सुचवतो. पुढच्या वेळी अशा महाविद्यालयात जाल तेव्हा प्राचार्यांच्या दालनात चहा घेण्याआधी ग्रंथालयात जा. तिथे विचारा की, गेल्या वर्षी बाहेरून किती जण वाचायला आले आणि त्यांची नोंदवही कुठे आहे. नोंदवही सापडली तर उत्तम. नाही सापडली तर मग करारांचे फोटो छापा, काही हरकत नाही.

ता. क. जाता जाता एक विचारतो. 'वाचकांची पत्रे' हे सदर पूर्वी अर्धं पान असायचं. आता एका स्तंभावर आलंय, आणि त्याच्याखाली रोज कोचिंग क्लासची जाहिरात असते. मागचं माझं पत्र तुम्ही छापलंत, त्याबद्दल आभार. पण त्याचा मधला परिच्छेद गाळलात, त्यामुळे मी पालिकेची बाजू घेतोय असं दिसलं आणि आमच्या गल्लीत मला त्यावरून बरंच ऐकावं लागलं. हे पत्र लांबलं आहे, मला मान्य आहे. जागा नसेल तर वृक्षारोपण गाळा, स्वच्छतागृह गाळा. एसटीने आलेला मुलगा मात्र गाळू नका.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
(नाव छापू नये. नात त्याच महाविद्यालयात अकरावीला आहे.)