ताकातला पाव आणि कोरडा कालवा

गॉलवे, आयर्लंड
२६ मे

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

फोनवर तू विचारलंस, किल्ल्यावर गेलीस म्हणजे गड चढलीस का? नाही गं, हा सपाटीवरचा किल्ला, तोही सरोवराच्या काठी. मेयो परगण्यातल्या काँग गावाला लागून अ‍ॅशफर्डचा किल्ला आहे आणि समोर कॉरिब सरोवर. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

१२२८ साली द बर्गो नावाच्या, इंग्लंडहून आलेल्या अँग्लो-नॉर्मन घराण्यानं इथल्या ओकॉनर राजांना हरवून ठाणं बसवलं. त्या ओकॉनरांपैकी रोरी हा आयर्लंडचा शेवटचा महाराजा. गादी गेल्यावर तो काँगच्या मठात येऊन राहिला आणि ११९८ साली तिथंच वारला. मठाच्या कमानी अजून उभ्या आहेत. जवळच नदीत भिक्षूंचं मासे धरायचं दगडी घर आहे. त्याच्या जमिनीला भोक ठेवलंय, त्यातून जाळं खाली सोडायचं. मासा लागला की दोरीनं मठाच्या स्वयंपाकघरातली घंटा वाजायची, असं सांगतात.

पुढं मालक बदलत गेले. १८५२ साली हा किल्ला डब्लिनच्या काळ्या बिअरवाल्या गिनेसनं घेतला. त्यानं आणि त्याच्या मुलानं बुरूज वाढवले, रान लावलं. १९३९ पासून इथं हॉटेल आहे. पण गिनेसच्या आधी हा किल्ला विकायला का निघाला, ते ऐक. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला, आणि गोरगरिबांचं पोट त्या एकाच पिकावर होतं. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि रोगराईनं गेली, तेवढीच देश सोडून गेली. खंड थकले, जमीनदार कर्जात बुडाले, आणि त्यांच्या जमिनी विकायला सरकारनं वेगळं न्यायालयच काढलं. गिनेसनं ही जहागीर तिथूनच घेतली.

गावात एक कालवा आहे. बांधीव काठ, पाण्याचे दरवाजे बसवायच्या दगडी भिंती, सगळं चोख, पण आत गवत! दोन सरोवरं जोडायला १८४८ साली काम काढलं, उपाशी माणसांच्या हाताला काम म्हणून. खालचा खडक चुनखडीचा, त्यात पाणी मुरून जातं. १८५४ साली ते सोडून दिलं. काठावर उभी राहिले तेव्हा बहात्तरच्या दुष्काळात तू फोडलेली खडी आठवली. दगड फोडून पोट भरणाऱ्यांची नावं कुठंच लिहिलेली नसतात, इथंही नाहीत.

जेवण मात्र इथलं मला मनापासून आवडलं, कारण ते इथल्याच मातीचं आणि पाण्याचं आहे. कॉनेमाराच्या डोंगरावर हीदर नावाचं झुडूप आणि रानगवत खाल्लेल्या कोकराचं मटण होतं. मसाला जवळजवळ नाहीच, तरी चव भरून येते. सध्या सरोवरावर मेफ्लाय नावाची माशी उठलीय. पोरं त्या माश्या धरून मासेमारांना विकतात, आणि ते लांब काठीच्या रेशमी दोरीला जिवंत माशी लावून वाऱ्यावर सोडतात. माझ्या घरमालकांनी असा धरलेला ट्राउट लोण्यात परतून वाढला. आजी, इथलं लोणी पिवळंधमक असतं!

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो ताकातला पाव. पूर्वी कुळं लोणी विकून खंड भरायची, घरात उरायचं ताक. बटाटे आणि ताक, हेच रोजचं जेवण. पुढं खायचा सोडा आला आणि त्याच ताकात भिजवून पाव होऊ लागला. यीस्ट नको, मळणं नको. आता तोच पाव या किल्ल्यासारख्या मोठ्या हॉटेलांतही कौतुकानं वाढतात. तो आधी कुळांच्या चुलीवर झाला, हे वाढणाऱ्यांनी सांगायला हवं असं मला वाटतं.

तू नक्की करून बघ. अर्धा किलो गव्हाचं जाडसर पीठ, चमचाभर सोडा, मीठ आणि गोळा सैलसर होईल इतकं आंबट ताक. हलक्या हातानं कालव, गोल थापून वर सुरीनं फुली मार. इथं पूर्वी लोखंडी भांड्यात ठेवून झाकणावर निखारे घालायचे, तू चुलीवर तसंच कर. तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

बहात्तर साली कामावर मिळायची ती सुकडी कशी लागायची, ते बाबांकडून लिहून पाठव. घरमालकीणबाईंना मी तुझ्याबद्दल सांगितलंय, त्या विचारत असतात. गुडघ्याला तेल लावतेस ना? आई-बाबांना नमस्कार.

तुझी नात