ज्वारीच्या दाण्यांचे घड्याळ

महोदय,

स्त्रिया आणि विकास या विषयावर काम करणाऱ्यांसाठी साधने भरपूर आहेत, पण बहुतेक इंग्रजीत. मी औसा तालुक्यात बचत गटांच्या बैठका घेते. मला सर्वांत उपयोगी पडला तो केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा अहवाल. २०२४ च्या पाहणीनुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात, तर पुरुषांची ८८. तीही जे पुरुष करतात त्यांची!

हे आकडे नुसते वाचून दाखवले की बायका जांभया देतात. म्हणून मी ओसरीवर खडूने चोवीस घरांचे वर्तुळ काढते. तासाला ज्वारीचा एक दाणा. पाणी, चूल, शेणकूर, खुरपणी. दाणे मांडता मांडता भांडणच लागते. परवा एकीने विचारले, "झोपेतही म्हशीकडं कान असतोय, त्यो दाणा कुठं ठिवू?" मला उत्तर देता आले नाही.

असे अहवाल, निदान त्यांचा सारांश, सोप्या मराठीत आणि छापून ग्रामपंचायतीत ठेवावेत. ऑनलाइन आहेत हे ठाऊक आहे. पण आमच्याकडे मोबाइल बहुधा मालकांच्या खिशात असतो.

– बचत गटांची एक प्रशिक्षिका, औसा (जि. लातूर)