फार्व्ह गेला तेव्हा मीही चिडलो होतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर एका वाचकाचं पत्र आलंय, की आपण भारतीय लोक हिरोंना कवटाळून बसतो आणि अमेरिकेतल्या टीम्स बघा, खेळाडू म्हातारा झाला की सरळ दार दाखवतात, भावनाबिवना काही नाही, सगळं कसं प्रोफेशनल. वाचून हसावं की रडावं कळेना. मी २००४ पासून विस्कॉन्सिनमध्ये राहतोय, ग्रीन बे पॅकर्स ही आमची टीम, आणि म्हाताऱ्या क्वार्टरबॅकला जाऊ द्यायचं की ठेवायचं ह्यावरून इथे लोकांची जेवणाच्या टेबलावर तोंडं फिरलेली मी एकदा नाही, दोनदा बघितलीत. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगतो. नाव फुटबॉल असलं तरी पाय फार कमी लागतो, बॉल हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा असतो, आणि प्रत्येक डावाला, म्हणजे बॉल पुढे न्यायच्या एकेका चालीला, बॉल आधी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर धावून येत असतात आणि ह्याने अडीच-तीन सेकंदात ठरवायचं की बॉल कोणाकडे टाकू. टीममधला सगळ्यात जास्त पगार बहुतेक वेळा त्याचाच. तो चांगला तर सगळं चांगलं, तो गंडला की सीझन गंडला.

तर आमच्याकडे ब्रेट फार्व्ह होता. १९९२ मध्ये अटलांटाकडून आणला, त्या सप्टेंबरमध्ये टीमचा नेहमीचा क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून आत गेला आणि मग एकही मॅच न चुकवता खेळतच राहिला, पुढे दुसऱ्या टीम्स धरून सलग २९७ मॅचेसचा आकडा झाला. तीन वेळा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, आणि १९९७ च्या जानेवारीत सुपर बोल, म्हणजे लीगची शेवटची फायनल, जिंकला. मी इथे आलो तेव्हा तो चौतीस-पस्तिशीचा होता आणि ऑफिसमधला अर्धा फ्लोअर शुक्रवारी त्याची ४ नंबरची जर्सी घालून यायचा. ग्रीन बे म्हणजे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव हो, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं, आणि तिथे ऐंशी हजारांचं स्टेडियम, सीझन तिकिटाच्या वेटिंग लिस्टवर लोक पोराच्या जन्माच्या दिवशी नाव टाकतात. अशा गावात फार्व्हबद्दल वाकडं बोलायची कोणाची टाप होती?

कॉलेजातली पोरं टीम्स दरवर्षी पाळीपाळीने निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २००५ च्या ड्राफ्टमध्ये टीमने पहिल्याच राउंडमध्ये, २४ व्या नंबरवर, आरन रॉजर्स नावाचा पोरगा घेतला. लोक भडकले. घरात जावई धडधाकट असताना मुलीसाठी दुसरं स्थळ बघितल्यासारखं वाटलं सगळ्यांना. रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला, एक अक्षर न बोलता. मग २००८ चा जानेवारी. एनएफसीची, म्हणजे लीगच्या आमच्या अर्ध्या भागाची फायनल, जिंकलं की सुपर बोल, आमच्याच मैदानात, न्यूयॉर्क जायंट्सबरोबर, बाहेर उणे अठरा. मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि फार्व्हने बॉल टाकला तो सरळ समोरच्या टीमच्या हातात. २३-२० ने हरलो. मी भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये एकटा टीव्हीसमोर बसलो होतो, हीटरचा आवाज तेवढा येत होता.

मार्चमध्ये तो रडत रडत रिटायर झाला, आम्हीही रडलो. जुलैत म्हणाला मला परत खेळायचंय. टीम म्हणाली आता रॉजर्स आहे. ऑगस्टमध्ये फार्व्हला न्यूयॉर्क जेट्सकडे देऊन टाकला.

काय राग आला होता मला! ज्या माणसाने सोळा वर्षं दिली, हाड मोडलं तरी खेळला, त्याला असं? मी त्या वर्षी मुद्दाम जेट्सच्या मॅचेस बघायचो. आणि रॉजर्सच्या पहिल्या सीझनला आम्ही ६-१०, म्हणजे सोळापैकी सहाच जिंकलो, तेव्हा तर माझ्यासारख्यांना चेवच आला, सांगितलं नव्हतं का म्हणून. त्यात २००९ ला फार्व्ह आमच्या कट्टर शत्रूकडे, मिनेसोटा व्हायकिंग्जकडे गेला, चाळिशीत आयुष्यातल्या सर्वोत्तम सीझन्सपैकी एक खेळला, गुण मिळवून देणारे पास म्हणजे टचडाउन ३३ आणि समोरच्यांच्या हातात गेलेले पास म्हणजे इंटरसेप्शन फक्त ७, आणि आम्हाला दोन्ही मॅचेसमध्ये हरवलं. दुसरी मॅच आमच्या लॅम्बो फील्डवर होती, तिथे त्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली ज्यांच्या अंगात वर्षभरापूर्वी त्याची जर्सी होती.

आता मला सांगा, टीमचा निर्णय चुकला का? त्या दिवशी विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. पण २०११ च्या फेब्रुवारीत रॉजर्सने सुपर बोल जिंकून दिला, पुढे चार एमव्हीपी घेतले, आणि फार्व्ह २०१० च्या सीझननंतर कायमचा थांबला. टीमला चाळिशीतलं एक सुंदर वर्ष नाही मिळालं, पण पुढची जवळपास पंधरा वर्षं मिळाली. म्हातारा अजून खेळू शकतो का, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे असं मला तेव्हापासून वाटतं. खेळू शकतोच तो. चाळीस वर्षांचा फार्व्ह खेळत होता, त्रेचाळीस वर्षांच्या टॉम ब्रेडीने टॅम्पा बेला जाऊन पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला, तोही वाटेत आमच्याच मैदानावर आम्हाला हरवून. विचारायचं असतं ते हे की घरात दुसरा कोणी तयार होतोय का, आणि नसेल तर गेली चार वर्षं मॅनेजमेंट काय करत होतं.

न्यू इंग्लंडने ब्रेडीला जाऊ दिला तेव्हा त्याच्यामागे कोणी नव्हतं, त्या वर्षी ते ७-९. डेन्व्हरचा पेटन मॅनिंग २०१६ मध्ये सुपर बोल जिंकून थांबला आणि मग त्यांनी कितीतरी वर्षं क्वार्टरबॅक बदलत काढली, भाडेकरू बदलावेत तसे. आणि पिट्सबर्ग स्टीलर्स! बेन रॉथलिसबर्गरला त्यांनी शेवटपर्यंत ठेवला, ३९ वर्षांचा होईस्तोवर, हात गेला होता तरी, शेवटच्या प्लेऑफला कॅन्सस सिटीने ४२-२१ ने धुतला. प्रेमाने ठेवला हो, वाईट काही नाही त्यात, पण मागे कोणाला तयारच केलं नाही. मग केनी पिकेट आणला, तो दोन वर्षांत गेला, मग रसेल विल्सन आणि जस्टिन फील्ड्स, तेही एका वर्षात गेले, आणि शेवटी २०२५ मध्ये कोणाला आणलं? आमच्या रॉजर्सला, वय ४१. म्हाताऱ्याला वेळेत निरोप न देणाऱ्यांना शेवटी दुसऱ्यांचा म्हातारा घ्यावा लागतो.

पण आमच्याकडेही सगळं शहाणपणाने झालं असं नाही, आणि इथे माझं आणि माझ्या शेजाऱ्याचं अजून पटत नाही. २०२० मध्ये टीमने पुन्हा तेच केलं, वरचा नंबर मिळवायला जास्तीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमधली निवडीची एक पाळी, मोजून २६ व्या नंबरवर जॉर्डन लव्ह घेतला. रॉजर्स ३६ वर्षांचा होता, आदल्याच सीझनला टीम सुपर बोलच्या एक मॅच अलीकडे पोचली होती. शेजारी म्हणतो त्याच पिकमध्ये एखादा चांगला रिसीव्हर, म्हणजे बॉल झेलणारा गडी, घेतला असता तर रॉजर्सच्या हातात अजून एक सुपर बोल असता, आणि बघ, लव्ह आल्यावर रॉजर्स असा काही पेटला की २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं एमव्हीपी. त्याचं म्हणणं खोटं नाही. टीमने २०२० लाच रॉजर्सला काढलं असतं तर ही दोन वर्षं दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात पडली असती. पण मी म्हणतो मागे पोरगा शिकत होता म्हणूनच तर घाई करावी लागली नाही.

चूक झाली ती २०२२ च्या मार्चमध्ये. तेव्हा रॉजर्स लागोपाठ दुसऱ्यांदा एमव्हीपी होता, बाजारात त्याला सोन्याचा भाव होता, आणि टीमने त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकायच्या ऐवजी तीन वर्षांचं साधारण १५ कोटी डॉलरचं काँट्रॅक्ट दिलं. त्याच महिन्यात त्याचा सगळ्यात लाडका रिसीव्हर डावान्टे ॲडम्स लास व्हेगासला गेला. सीझन ८-९. शेवटची मॅच डेट्रॉइटबरोबर घरी, जिंकलो असतो तर प्लेऑफ, हरलो. मग २०२३ च्या एप्रिलमध्ये रॉजर्स गेला, आणि कुठे? जेट्सकडेच, फार्व्हसारखा! नशिबाने पण काय थट्टा करावी.

इथे पैशाचं थोडं सांगायला हवं. ह्या लीगमध्ये प्रत्येक टीमला वर्षाचा पगारखर्च बांधून दिलेला असतो, सॅलरी कॅप म्हणतात त्याला, २०२३ ला तो २२.४८ कोटी डॉलर होता. मोठ्या खेळाडूला आधी दिलेला बोनस पुढच्या वर्षांवर पसरवून हिशोबात धरतात, आणि तो मधेच गेला की उरलेलं सगळं तुमच्या बोडक्यावर येतं. डेड मनी. रॉजर्स जेट्सकडून खेळणार त्या वर्षी आमच्या खात्यावर त्याच्या नावे ४ कोटी डॉलर होते! म्हणजे मुलगा वेगळा राहायला गेला तरी त्याच्या फ्लॅटचा हप्ता बाप भरतोय. उलट ड्राफ्टमधून आलेल्या पोराचा पगार पहिली चार वर्षं ठरलेला आणि बराच कमी असतो, म्हणून टीम्स पोरगा लवकर खेळवायला बघतात. भावना नाहीत असं नाही, कॅल्क्युलेटरही आहे एवढंच.

आणि बदल्यात काय मिळालं ते ऐका. जेट्सकडून २०२४ चा दुसऱ्या राउंडचा पिक मिळणार होता, पण रॉजर्स त्या सीझनचे ६५ टक्के डाव खेळला तर तोच पहिल्या राउंडचा होणार होता. ११ सप्टेंबर २०२३, जेट्सची पहिली मॅच, रॉजर्स हातात झेंडा घेऊन मैदानात धावत आला, चौथ्या डावाला खाली पडला आणि टाचेवरची शीर तुटली. सीझन संपला. मी त्याच्यावर इतका वैतागलेला माणूस, पण तो खाली बसून राहिला ना, तेव्हा पोटात तुटलं. पिकचा विचार दुसऱ्या दिवशी सकाळी आला, खोटं कशाला बोलू.

तिकडे लव्हने तीन वर्षं बाकावर काढल्यावर पहिल्याच पूर्ण सीझनला टीम प्लेऑफला नेली आणि डॅलसला त्यांच्या घरी जाऊन ४८-३२ ने हाणलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये रॉजर्स स्टीलर्सकडून आमच्याविरुद्ध पहिल्यांदा उभा राहिला, आम्ही ३५-२५ ने जिंकलो, लव्हने मधे सलग वीस पास पूर्ण केले. माझ्या मुलाने त्या दिवशी कपाटातून रॉजर्सची जुनी १२ नंबरची जर्सी काढून घातली होती, आता त्याला ती पोटावर घट्ट बसते. मी काही बोललो नाही. २००८ ला मी काय करत होतो ते मला माहितीये.

आता तुमच्या त्या पत्रलेखकाकडे येतो. आपल्याकडे बघायचं तर चेन्नईने २०२४ ला आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला कॅप्टन केलं, चांगलंच केलं, पण धोनी टीममध्येच. पुढच्या वर्षी ऋतुराजचं कोपर दुखावलं आणि ४३ वर्षांचा धोनी पुन्हा कॅप्टन. त्याच सीझनला एका मॅचला तो नवव्या नंबरवर बॅटिंगला आला होता, टीम तळाला राहिली. लोक तरी धोनीलाच बघायला येत होते, आणि मीही इथे सकाळी उठून त्याच्याचसाठी लावत होतो. तर माणसं दोन्हीकडे तीच आहेत. फरक असला तर एवढाच की ग्रीन बेमध्ये कोणीतरी लोकांच्या शिव्या खायला तयार होतं, २००५ लाही आणि २०२० लाही, आणि त्या शिव्या देणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होतो. अजून एक, फार्व्हला २०१५ मध्ये परत बोलावून त्याचा ४ नंबर सन्मानाने कायमचा बाजूला ठेवला, स्टेडियम भरलं होतं. सात वर्षं लागली पण राग गेला.

२०२० च्या शिव्या तर मी मालक म्हणून दिल्या हेही सांगून ठेवतो. ह्या टीमला कोणी एक शेठ नाही, पाच लाखांवर सामान्य लोक भागधारक आहेत, आणि २०११ च्या विक्रीत मीही अडीचशे डॉलर देऊन एक शेअर घेतलाय. डिव्हिडंड नाही, विकता येत नाही, सर्टिफिकेट तेवढं फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. आई मिरजेहून आली होती तेव्हा तिने चष्मा लावून ते नीट वाचलं आणि विचारलं, ह्याचे वर्षाला किती येतात रे? मी म्हटलं काही नाही. मग घेतलास कशाला, म्हणाली, आणि पोळ्या लाटायला गेली.

आपला,
एक जुना वाचक
मिलवॉकी, विस्कॉन्सिन (मूळ मिरज)

ता.क. त्या पत्राच्या मथळ्यात तुम्ही ह्या खेळाला रग्बी म्हटलंय. रग्बी वेगळी हो. तेवढं दुरुस्त करा.