नोकरी चांगली चालली आहे. मग मुलाखत द्यावी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अप्रेझलची, म्हणजे वार्षिक पगारवाढीची पत्रं हातात पडली की पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये एकच विषय निघतो : बाहेर किती मिळतंय? ज्यांचं मन कंपनीतून उडालंय त्यांना उत्तर सोपं असतं. पंचाईत होते ती काम आवडतं, मॅनेजर समजूतदार आहे, शनिवार-रविवार आपला राहतो, अशांची. घरचे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. मित्र म्हणतात, दर दोन वर्षांनी स्विच केला नाहीस तर पगार तिथंच राहील. दोन्ही बाजू मुलाखत देणं आणि नोकरी सोडणं एकच धरून चालतात.

मुलाखत देण्यात बेइमानी काही नाही. पण किती रकमेला आणि कोणत्या अटींवर जाणार, हे पहिला फोन येण्याआधी कागदावर लिहिता येत असेल तरच ती द्यावी. एकदा ऑफर आली की उत्तर द्यायला जेमतेम तीन-चार दिवस मिळतात, वर एचआरचे फोन. त्या घाईत मांडलेलं गणित बहुतेक वेळा ऑफरच्याच बाजूनं सुटतं.

गणित कसं फसवतं ते पाहा. सध्याचं सीटीसी, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, २४ लाख; त्यात १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा, हमी नसलेला भाग. नवी कंपनी ३० टक्के वाढ देते, म्हणजे ३१.२ लाख, पण तिथं व्हेरिएबल १५ टक्के. वाढ ७.२ लाखांची, म्हणून माणूस मनात महिन्याला ६० हजार धरतो. व्हेरिएबल बाजूला काढलं तर ठरावीक पगार २१.६ लाखांवरून २६.५२ लाखांवर जातो, वाढ ४.९२ लाख, म्हणजे २३ टक्क्यांच्या आसपास. सीटीसीत ग्रॅच्युइटीची, म्हणजे पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची, तरतूदही मोजलेली असते, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. मूळ पगार सीटीसीच्या निम्मा, पीएफ दोन्हीकडे महिना १,८०० रुपयांवर आणि कर नव्या पद्धतीनं धरला, तर हातात जास्तीचे पडतात महिन्याला सुमारे २९ हजार. ही वाढ वाईट नाही. पण वाकडला राहणाऱ्यानं त्यासाठी आठवड्यातले तीन दिवस खराडी गाठायची का, हा प्रश्न ६० हजारांवर विचारला तर एक उत्तर येतं, २९ हजारांवर दुसरं.

आता सोडून जाताना मागे काय राहतं ते. पाच वर्षं भरायला थोडे महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटी आधी बघा. सूत्र साधं आहे : शेवटचं मूळ वेतन (महागाई भत्ता असल्यास तो धरून; हे एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी असेल तर निम्मा पगार) गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. महिना १ लाख मूळ वेतनावर पाच वर्षांचे २ लाख ८८ हजार होतात. साडेचार वर्षांवर नोकरी सोडणाऱ्याच्या हाती यातलं सहसा काहीच लागत नाही. पगाराचा भाग म्हणून कंपनीचे शेअर हप्त्यांनी मिळत असतील तर पुढचा हप्ता कोणत्या तारखेला नावावर होतो ते पाहा. तोवर नावावर न झालेले शेअर राजीनाम्याबरोबर जातात. वार्षिक बोनस पुष्कळ कंपन्या वाटपाच्या दिवशी पटावर असलेल्यांना, आणि तेही राजीनामा देऊन नोटिशीवर नसलेल्यांनाच देतात. या तारखा कॅलेंडरवर मांडल्या की मुलाखती कोणत्या महिन्यात सुरू करायच्या ते आपोआप ठरतं. जॉइनिंग बोनस देऊन नवी कंपनी हा खड्डा बुजवते खरी, पण वर्षाच्या आत सोडलं तर तो परत मागते. कधी कधी कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम मागितली जाते, म्हणजे हातात न आलेले पैसेही भरायचे. हे कलम ऑफर लेटरमध्ये शोधून वाचावं.

आरोग्य विम्याकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. कंपनीच्या गट विम्यात आईवडिलांचा मधुमेह, रक्तदाब बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेला असतो, आणि तो विमा आपल्या शेवटच्या दिवशी संपतो. नव्या कंपनीत आईवडील त्यात येतात का, बिलाचा किती हिस्सा आपल्याला भरावा लागेल, हे पॉलिसीचा कागद मागवून बघा. एचआर तोंडी ‘हो, कव्हर आहे’ म्हणते त्यावर जाऊ नका. घरात बाळाचा विचार असेल तर बाईंनी आणखी एक हिशेब करावा. कायद्यानुसार प्रसूती रजेचा पगार मिळण्यासाठी अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. जुन्या कंपनीतले दिवस यात मोजत नाहीत.

एवढं मांडून झाल्यावरही आकडा समोर दिसत असेल, तर खुशाल द्यावी मुलाखत. फक्त पसारा नको. सुखात असलेल्या माणसाला दोन-तीन कंपन्या पुरे. प्रत्येकीच्या चार-पाच फेऱ्या : कोडिंग, सिस्टिम डिझाइन, मॅनेजर, एचआर. शिवाय तयारीत सहा-आठ आठवड्यांच्या संध्याकाळी जातात. म्हणून गाळणी पहिल्या फोनलाच लावायची. ठरावीक आणि व्हेरिएबल किती, ऑफिसला किती दिवस आणि कोणत्या इमारतीत, तीन महिन्यांची नोटीस चालेल का, ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेलंय? या चारांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पुढच्या फेरीसाठी रजा टाकू नये. आपलं सीटीसी फुगवून सांगू नये. पगाराच्या स्लिपा आणि कर कापल्याचं प्रमाणपत्र (फॉर्म १६) शेवटी मागतातच. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मेल, ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेला रेझ्युमे, तिन्ही टाळावेत. नोकरी डॉट कॉमवर आपल्या कंपनीपासून प्रोफाइल लपवण्याची सोय आहे, ती वापरावी. लिंक्डइनवर नोकरी शोधत असल्याचं फक्त भरती करणाऱ्यांना दाखवता येतं, पण आपल्या कंपनीला ते कळणारच नाही याची हमी लिंक्डइन स्वतःही देत नाही. आणि चालू प्रोजेक्टचा कोड किंवा ग्राहकाचं नाव नमुना म्हणून दाखवणाऱ्याला शहाणी कंपनी घेतच नाही.

खरी गाठ ९० दिवसांच्या नोटिशीची. भरती करणाऱ्याला माणूस पुढच्या महिन्यात हवा असतो, त्यामुळे आधीच पेपर टाकून, म्हणजे राजीनामा देऊन बसलेल्यांना पसंती मिळते. यावर ‘आधी राजीनामा दे, मग ऑफरी येतात’ असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्याची नोकरी नीट चालली आहे त्यानं हे मुळीच करू नये. राजीनामा मंजूर झाल्यावर तो मागे घेणं कंपनीच्या मर्जीवर असतं, आणि तीन महिन्यांत बाजार फिरू शकतो. जॉइनिंग पुढे ढकलल्याच्या, ऑफर मागे घेतल्याच्या तक्रारी २०२२-२३ मध्ये या क्षेत्रानं भरपूर ऐकल्या आहेत. रुजू होण्याची तारीख घातलेलं, सही केलेलं पत्र आणि पार्श्वभूमी तपासणी पूर्ण झाल्याचा मेल, दोन्ही हातात आल्यावरच पेपर टाकावा. बायआउट, म्हणजे पैसे भरून नोटिशीतून लवकर सुटका, हवा असेल तर दोन गोष्टी लेखी विचारा : जुनी कंपनी पैसे घेऊन लवकर सोडते का, आणि नवी ते पैसे भरून देते का. एकीकडूनच होकार असला तर त्याचा उपयोग नाही. कंपन्यांनीही ही मुदत ३० दिवसांवर आणायला हरकत नाही. मन निघून गेलेला माणूस तीन महिने बसवून ठेवून प्रोजेक्टला काय मिळतं, हे कुणी टीम लीडला विचारून पाहावं.

गेलातच, तर पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असताना काढलेल्या रकमेवर कर लागतो. वर्षाच्या मध्ये बदल केल्यास आधीचं उत्पन्न नव्या कंपनीला फॉर्म भरून कळवा. नाही तर दोन्ही कंपन्या ७५ हजारांची प्रमाणित वजावट देतात, दोन्हीकडे कराचे टप्पे शून्यापासून मोजले जातात, आणि रिटर्न भरताना फरक व्याजासकट एकदम भरावा लागतो.

आणि कागदावरच्या आकड्याएवढी ऑफर आली नाही, तर नकार सही करण्याआधी कळवा, शक्यतो फोनवर, दोन दिवसांत. होकार देऊन तीच ऑफर दुसरीकडे दाखवायची आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवायचा, ही रीत आता इतकी रुळली आहे की एचआर एका जागेसाठी दोघांना पत्रं देऊन ठेवते. मग त्यातला एखादा खरोखरच राजीनामा देऊन आलेला असतो.

आपला,
एक वाचक, बाणेर, पुणे