पांढरी सहा आणि ४४०

वेंगुर्ले
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. छोटीसाठी उकुलेले, ते चार तारांचं गिटारसारखं छोटं वाद्य, घेतलंस हे वाचून फार बरं वाटलं. तारा सुरात लावायला ट्यूनर कुठला घेऊ, फोनवरचं ॲप पुरणार नाही का, असं विचारलंयस. तुमच्या चिपळूणच्या पावसात पडवीत बसून ते ॲप एकदा लावून बघ. पत्र्यावर सर कोसळली की फोनचा माइक तार ऐकणार की पाऊस? गेल्या गणपतीत भजनाला बसलो होतो, झांजा-पखवाज रंगात आलेले, आणि माझ्या गिटारची बी सुराची तार उतरली. फोनवरचा काटा नुसता थरथरत राहिला. उरलेलं भजन मी ती तार चुकवत वाजवलं. फार वाईट वाटलं रे.

म्हणून क्लिपवाला घे. तो वाद्याच्या डोक्याला चिमट्यासारखा बसतो आणि लाकडातलं कंपन पकडतो. शेजारी झांज वाजली तरी त्याचं फारसं बिघडत नाही.

पण तो क्रोमॅटिक हवा, म्हणजे बाराही सूर ओळखणारा. गिटारच्या तारा ई ए डी जी बी ई, उकुलेलेच्या जी सी ई ए. नुसत्या गिटारच्या मोडमध्ये सी नाहीच. माझ्या भाचीनं त्याच मोडवर उकुलेले लावायला घेतलं. पडद्यावर डी दिसतोय म्हणून सीची तार ती पिळतच राहिली. मी पोचलो तेव्हा तार इतकी ताणली होती की बोटाला दबेना.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्यूनरच्या कोपऱ्यात ४४० असा आकडा दिसतो. ए हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा धरलाय, असा त्याचा अर्थ. तो आकडा खालीवर करता येईल आणि क्लिपबरोबर माइकही असेल, असाच ट्यूनर घे. कारण आपल्याकडे गिटार एकटी वाजत नाही, पेटीबरोबर वाजते. पेटीच्या पितळी पट्ट्या कानस लावूनच सुरात आणाव्या लागतात, ऐन भजनात ते कोण करणार? तेव्हा तारांनीच पेटीच्या मागे जायचं. भजन सुरू व्हायच्या आधी, सगळं शांत असताना, ट्यूनर माइकवर टाकून पेटीजवळ धर आणि बुवांना मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबून धरायला सांग. पांढरी सहा म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, तोच ए. काटा उजवीकडे गेला तर पेटी चढी आहे. काटा मधोमध येईपर्यंत आकडा वाढव, मग क्लिपवर येऊन तारा लाव. घरी परतल्यावर मात्र आकडा आठवणीनं ४४० वर आण. मी एकदा विसरलो आणि आठवडाभर चढ्या सुरात रियाज केला.

एक सेंटपर्यंत अचूक असला की भरपूर झालं. बारा सुरांतल्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, त्यातला एक म्हणजे सेंट. त्याहून बारीक दाखवणाऱ्या महागड्या स्ट्रोब ट्यूनरच्या नादी लागू नकोस. वाचलेल्या पैशात छोटीला तारांचा जादा संच घे.

नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस उतरत राहतात, छोटीला तसं आधीच सांग, नाहीतर आपलंच चुकतंय असं तिला वाटेल. सूर चढला तर तार खाली उतरवून पुन्हा खालून वर यायचं, म्हणजे ती टिकते. आणि वाजवून झालं की क्लिप काढून ठेव. पावसाळाभर सेलही बाहेर काढ, खाऱ्या दमट हवेत त्याच्या पट्ट्या गंजतात.

चतुर्थीला येताय ना? गिटार आणि उकुलेले दोन्ही घेऊनच या. आमच्या बुवांची पेटी ४४२ ला बोलते.

वहिनींना नमस्कार, छोटीला खूप आशीर्वाद.

तुझाच दोस्त