हा डोस कुणाच्या वयाचा? केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी आई ७६ वर्षांची. आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा एका डॉक्टरांनी फाईल मिटून म्हटलं, "या वयात कशाला हाल करता?" दुसऱ्यांनी पूर्ण डोसाची केमो लिहून दिली. वय दोघांनीही विचारलं. ती दिवसाला सात गोळ्या घेते, दोन महिन्यांत दोनदा मोरीत पडली, तरी स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते, हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कधी? ओपीडीबाहेर रांग होती.

२०२४ च्या ऑक्टोबरात तुमच्या सरकारने सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच दिलं. चांगलं केलंत. पण कार्डातून बिल भागतं. औषध किती झेपेल हे संशोधनातूनच कळतं, आणि औषधांच्या चाचण्यांत म्हातारी माणसं फार थोडी असतात.

अमेरिकेत सत्तरीपुढच्या, कॅन्सर पसरलेल्या ७१८ रुग्णांचा अभ्यास झाला. २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाच्या डॉक्टरांना रुग्णाचं चालणं, स्मरणशक्ती, आहार, चालू गोळ्या, घरचा आधार यांची तपासणी करून शिफारशी हाती दिल्या. त्या गटात शंभरातल्या ५१ जणांना गंभीर दुष्परिणाम झाले, अशा शिफारशी न दिलेल्या दुसऱ्या गटात ७१ जणांना. पहिल्या गटात डोस जास्त वेळा कमी केला गेला, तरी सहा महिन्यांनंतर जगण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नव्हता. चालणं तपासायला लागतं काय? खुर्ची, घड्याळ, तीन मीटर मोकळी जागा.

हे आकडे तिकडचे. इकडची म्हातारी अशक्त, रक्त कमी, आणि पोराने दिवसाची मजुरी बुडवली तरच दवाखान्यात पोचणारी. पंचाहत्तरीपुढे एसटीत तिकीट लागत नाही, पण त्या पोराला लागतं. परळच्या टाटा रुग्णालयात २०१८ पासून वृद्धांसाठी वेगळं क्लिनिक आहे, पण ते परळला. आमच्या बार्शीत १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी होते; तिच्यातून कॅन्सर किती जणांना झाला ते कळतं, उपचार कितपत झेपले ते नाही.

म्हणून मागणी एवढीच: आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी परिषदेच्या) निधीतला ठरावीक वाटा वृद्धांवरच्या चाचण्यांना द्या, त्या जिल्हा रुग्णालयांत करा आणि सोबत येणाऱ्याचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी त्यात धरा. ज्या चाचणीत वयाची वरची मर्यादा असेल, तिथे कारण लेखी मागा.

तिसऱ्या डॉक्टरांनी आईला चालून दाखवायला सांगितलं, गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली आणि कमी डोसाने सुरुवात केली. हा डोस बरोबर आहे का, असं मी विचारलं. "अंदाज आहे बाई," ते म्हणाले.

आपली,
सोलापूर जिल्ह्यातली एक मुलगी