हनोखाच्या ३६५ वर्षांबद्दल पाळकसाहेबांचे जाहीर आभार

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

माझा धाकटा भाऊ प्रभूकडे गेल्यानंतर आपण आमच्या घरी येऊन आईजवळ बसलात आणि बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाचा पाचवा अध्याय, म्हणजे आदामापासूनची वंशावळ, वाचलात, त्याबद्दलचे आभार मी जाहीरपणे लिहीत आहे, कारण अकाली मृत्यूने खचलेल्या इतर घरांनाही त्या वाचनाचा आधार मिळावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. सांत्वनासाठी कोणी वंशावळ उघडेल असे आम्हांला वाटले नव्हते. आईला मात्र एकच गोष्ट टोचत होती: आईबापांचा मान राखणाऱ्याला देव चिरकाळ राखील असे पाचवी आज्ञा सांगते, आणि माझ्या भावाने तर तो मान आयुष्यभर राखला होता.

आपण तिला उत्तर दिले नाहीत. नावे वाचत गेलात. आदाम ९३० वर्षे, शेथ ९१२, यारेद ९६२, मथुशलह ९६९, आणि प्रत्येकाच्या शेवटी तो मेला एवढेच. या रांगेत यारेदाचा मुलगा हनोख, ज्याच्या शेवटी मेला असे नसून देवाने त्याला नेले असे आहे, त्याची ३६५ वर्षे फारच थोडी दिसतात. तरीही ज्यांची वर्षे नऊशेच्या पुढे गेली त्यांच्याविषयी त्या अध्यायात तेवढेही लिहिलेले नाही, जेवढे हनोखाविषयी दोनदा लिहिले आहे, की तो देवाबरोबर चालला. ३६५ हा आकडा सौर वर्षाच्या दिवसांशी जुळतो हे आपणच दाखवलेत, पण शास्त्र त्याविषयी काही बोलत नसल्याने त्यावर शिकवण उभारू नये, असेही लगेच बजावलेत. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

आपण सर्वाधिक वेळ थांबलात तो बाविसाव्या वचनावर. हनोख ६५ वर्षांचा असताना मथुशलह जन्मला, त्यानंतर ३०० वर्षे तो देवाबरोबर चालला, आणि त्याच काळात त्याला आणखी मुलगे व मुली झाल्या. म्हणजे हे चालणे संसार सोडून झालेले नाही. लेकरे वाढवताना, घर चालवताना, आदामापासूनच्या वडीलधाऱ्या पिढ्या हयात असताना ते झाले. माझ्या भावाची भक्तीही अशीच घरातली होती आणि तिची नोंद कोठेही नाही, म्हणून त्या एका वचनाने मला जे दिले ते शब्दांत मांडणे मला कठीण जाते.

मग आपण आईला यारेदाचा हिशेब करून दाखवलात. हनोख जन्मला तेव्हा यारेद १६२ वर्षांचा होता. मुलाला देवाने नेले तेव्हा तो ५२७ वर्षांचा झाला, आणि त्यानंतर तो आणखी ४३५ वर्षे जगला. मुलाच्या संपूर्ण आयुष्याहून अधिक काळ बापाने त्याच्यावाचून काढला. त्या वर्षांत यारेदाच्या मनात काय होते याविषयी शास्त्र मौन आहे आणि आपणही काही जोडले नाहीत, परंतु आपल्यासारखे मागे राहिलेले कोणीतरी त्या प्राचीन यादीत आहे हे आईला प्रथमच दिसले, आणि त्या दिवशी ती मोकळेपणाने रडली.

हनोखाला मरणाचा अनुभव आला नाही, असे नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय सांगतो. माझ्या भावाला तो आला. हा फरक आपण झाकला नाहीत. लहान आयुष्य म्हणजे देवाची विशेष मर्जी, असे सोपे समाधानही आपण दिले नाहीत, कारण ज्याला देवाने नेले नाही तो नोहाही देवाबरोबर चालला आणि ९५० वर्षे जगून वारला. आपण थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र उघडलेत आणि जे ख्रिस्तामध्ये मेलेले आहेत ते प्रथम उठतील, ही आशा आईच्या हाती दिलीत. हनोखाचे नेले जाणे आणि ख्रिस्ताचे पुनरुत्थान या दोन गोष्टी एकमेकींजवळ ठेवून वाचायला मी तेव्हा शिकले.

आता आई रोज सकाळी तो अध्याय स्वतः वाचते आणि यारेदापाशी थांबून भावासाठी देवाचे आभार मानते. आपली भेट पुन्हा व्हावी, असा तिचा निरोप आहे.

ख्रिस्तात आपली,
मंडळीतील एक भगिनी